बिनउंबऱ्याचं बाथरूम

३ नोव्हेंबर

आज डॉक्टरांनी निकाल दिला. हिच्या उजव्या खुब्याचा सांधा पार झिजलाय, बदलावाच लागणार. डॉक्टर तरुण आहे. दाराची बिजागरी बदलायची असावी अशा थाटात बोलत होता. हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, "आमच्या बाथरूममध्ये टब आहे. त्यात उतरायला पाय गुडघ्याएवढा उचलावा लागतो. ऑपरेशन झाल्यावर मी आंघोळ कशी करायची?"

डॉक्टर म्हणाले, टब काढून टाका आणि सपाट शॉवर करून घ्या. मध्ये उंबरा नको, कठडा नको, म्हणजे वॉकर घेऊन सरळ आत जाता येईल.

"मग ते होईपर्यंत मी ऑपरेशन करून घेणार नाही," ही म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "चालेल. काम झालं की फोन करा, त्याच आठवड्यात घेऊन टाकू."

मला हे पटलं. आधी तयारी, मग काम. बायको माझ्यासारखा विचार करायला लागली की बरं वाटतं.

तर बाथरूमचं खातं माझ्याकडे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून माझी उभी हयात गेली. भल्याभल्या दुकानदारांचे तराजू मी जप्त केलेत. एक बाथरूम म्हणजे काय मोठंसं. नोंद नाही ती गोष्ट घडलीच नाही असं आमच्या खात्यात म्हणायचे, म्हणून ही वही काढली आहे.

६ नोव्हेंबर

प्लंबर येऊन जागा बघून गेला. नळाचं काम, फरशीचं काम, सगळं एकटाच करतो म्हणे. त्याच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'सांगितलं म्हणजे झालं'. असं लिहिणाऱ्या माणसाचा तराजू मी आधी तपासला असता.

आमच्या बाथरूमच्या फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत. थंडीत बटण दाबलं की फरशी गरम होते. बारा वर्षांपूर्वी मी स्वतः फिटरच्या डोक्यावर उभं राहून त्या घालून घेतल्या. टबाखाली नळ्या नाहीत, पण नवा शॉवर टबापेक्षा रुंद हवा, वॉकरसकट माणूस मावला पाहिजे. म्हणजे टबाबाहेरचीही थोडी फरशी खोदणं आलं. तिथे छिन्नी नळीत घुसली की सगळं बाथरूम उखडायचं.

"काका, नळ्यांचा नकाशा आहे?" प्लंबरने विचारलं.

"डोक्यात आहे," मी म्हणालो आणि खडूने रेघा मारून दाखवल्या. सरळ, समांतर, शाळेतल्या मुलांना दाखवाव्यात अशा. ही दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. म्हणाली, "तिथे नाहीयेत नळ्या." मी म्हणालो, "तू गॅसवर काय ठेवलंयस ते बघ."

किती दिवस लागतील विचारलं तर म्हणाला, आठ. मी मनातल्या मनात हसलो.

तो गेल्यावर हिने विचारलं, "खरंच आठ दिवसांत होईल?"

"अगं, त्यांचे आठ म्हणजे आपला दीड महिना. मध्ये हा आजारी पडणार, मग याची मावशी आजारी पडणार, मग सिमेंट मिळणार नाही."

"म्हणजे नवीन वर्ष उजाडेल."

"सहज."

संध्याकाळी चहाबरोबर मला न मागता दोन बिस्किटं मिळाली. एरवी माझ्या साखरेचं निमित्त करून ही एकावर अडते. कशाबद्दल ते कळलं नाही, पण मिळालेल्या बिस्किटाची चौकशी करू नये.

११ नोव्हेंबर

सकाळी आठला येतो म्हणाला होता आणि आठला आला. माझ्या तोंडाला दाढीचा साबण तसाच होता. बरोबर त्याचा धिप्पाड मेव्हणा. दुपारच्या जेवणाच्या आत टब सुटला, जिन्यावरून उतरला आणि गाडीत जाऊन बसला. मेव्हणा पाणीसुद्धा न पिता गेला.

टब होता तिथे आता सिमेंटचा उघडा चौकोन आहे. आम्ही दोघं बराच वेळ तो बघत उभे राहिलो.

"इतकी काय घाई होती?" ही म्हणाली.

मलाही तेच वाटलं. पहिल्या दिवशी मिस्त्री येतो, सामान टाकतो आणि गायब होतो, अशी रीत आहे. हा माणूस रीत पाळत नाही. आंघोळीची सोय आता पाहुण्यांच्या छोट्या संडासात, बादली आणि तांब्या घेऊन. तिथे साबण उचलायला वाकलं की डोकं दारावर आपटतं.

१२ नोव्हेंबर

आजची नोंद करायची इच्छा नव्हती. पण नियम तो नियम.

प्लंबर माझ्या दोन रेघांच्या मधोमध छिन्नी लावून बसला आणि हातोडी उचलली, तेवढ्यात ही आली. "थांबा," म्हणाली. चप्पल काढली, काठी माझ्या हातात दिली, भिंतीला हात धरून अनवाणी फरशीवर चालायला लागली. फरशी सकाळपासून गरम करून ठेवलेली होती.

"इथे गरम. इथेही गरम. इथे गार. इथून ही नळी वळते, इकडे जाते. हे बघा, तुम्ही बसलाय ना, बरोबर त्याच्याखाली आहे."

प्लंबर टुणकन उठला. ही पावलापावलाने सांगत गेली, तो खडूने खुणा करत गेला. माझ्या समांतर रेघांच्या जागी जे चित्र तयार झालं ते मला बघवेना. कुणी शेवया सांडाव्यात तसं.

आमच्या खात्यात माणसाचे तळपाय हे प्रमाणित उपकरण नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. प्लंबर म्हणाला, बघून घेऊ. त्याने सगळ्या फरशीवर ओलं फडकं फिरवलं आणि आम्ही तिघं दारात उभं राहून वाट बघत बसलो. जिथे खाली नळी असते तिथली फरशी आधी सुकते. सुकली. हिच्या खुणांवरूनच सुकली, एखाद्या बोटाचा फरक असेल तर असेल.

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"बारा वर्षं रोज सकाळी उभी राहतेय. बेसिनसमोर नळीच नाहीये. म्हणून मी तिथे पायपुसणं टाकलं होतं. तुम्हाला वाटलं शोभेचं."

मला खरंच शोभेचं वाटलं होतं. फिटर मेला लबाड निघाला. मी त्याच्या डोक्यावर उभा होतो खरा, पण फोन घ्यायला मधूनमधून बाहेर जात होतो, हे आज आठवलं.

चालण्याचा त्रास झालाच. दुपारभर ही पलंगावर आडवी होती. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाली. दुखत नसलेलं माणूस उशी दाताखाली धरत नाही.

१४ नोव्हेंबर

टाइलच्या दुकानात तिसरी फेरी. पहिल्या दिवशी निवडलेली टाइल निसरडी वाटते म्हणून हिने परत केली. ती खडबडीत होती, मी नखाने घासून पाहिली होती. दुसरी दवाखान्यासारखी पांढरी. आज तिसरी, राखाडी, मला आवडली, दुकानदाराला आवडली, रस्त्यावरून आत डोकावलेल्या एका बाईलाही आवडली. ही म्हणाली, "बघू. घरी जाऊन विचार करते."

हिने मला दहा मिनिटांत पसंत केलं होतं, तेही तिच्या काकांचा विरोध असताना. साड्यांच्या दुकानातसुद्धा अर्ध्या तासात बाहेर पडते. टाइलने हिचं काय घोडं मारलंय कळत नाही.

मला वाटलं होतं तसा प्लंबरचा खोळंबा मात्र झाला नाही. टाइल नाही तर नाही, त्याने तेवढ्यात नळ्या एका अंगाला घेतल्या, पाणी जायचा पाइप टाकला, खाली पाणी झिरपू नये म्हणून काळ्या रंगाचा लेपही दोनदा देऊन टाकला. "काकूंना निवांत ठरवू द्या," म्हणाला, "मी पुढे गेलोय." त्याच्या या 'पुढे गेलोय'चा आम्हा दोघांनाही राग आला.

१५ नोव्हेंबर

राखाडीच ठरली. दुकानदाराने प्लंबरला फोन करून सांगितलं की शेवटचा माल आहे, नाहीतर महिनाभर थांबावं लागेल. ही चटकन "थांबू की" म्हणाली. पण फोन प्लंबरच्या हातात होता, त्याने "पाठवून द्या" म्हणून ठेवूनही दिला.

१८ नोव्हेंबर

सपाट शॉवरची सगळी मेख उतारात असते. फरशी दिसायला सपाट, पण जाळीकडे इतकी हलकी उतरती हवी की पाणी निमूट जावं आणि पायाला कळू नये. प्लंबरने टाइल बसवून झाल्यावर बादलीभर पाणी ओतून दाखवलं. गेलं. पण पाणी काय, कुठेही जातं. मी काचेची गोटी आणली होती. तीन कोपऱ्यांतून गोटी सुरळीत जाळीवर आली. चौथ्या कोपऱ्यातून निघाली आणि मध्येच थांबली.

"हा कोपरा पुन्हा करा," मी म्हणालो.

"काका, आंघोळ काकू करणार आहेत का गोटी?"

"माप म्हणजे माप."

त्याने पाणसळ लावून दाखवली, बुडबुडा बरोबर जागेवर. पाणसळीवर किती विश्वास ठेवायचा ते मला शिकवू नये. वाद वाढणार एवढ्यात ही पुढे आली आणि म्हणाली, "यांचं बरोबर आहे. पुन्हा करा."

मी भारावून गेलो. एवढ्या वर्षांच्या संसारात मापाच्या प्रश्नावर हिने माझी बाजू घेतल्याची ही पहिलीच वेळ. दूधवाल्याच्या लिटरवरून मी भांडलो तेव्हा हीच त्याला आत बोलावून चहा देत होती. आज मात्र माझ्या बाजूने ठाम उभी राहिली. तिला माझ्या कामाचं महत्त्व उशिरा का होईना कळलं.

कोपरा उखडला. दोन दिवस वाढले. रात्री जेवण दोघांनाही चांगलं गेलं.

२० नोव्हेंबर

लेकीचा फोन. ती परगावी असते, पण तिचे हुकूम इथे चालतात.

"बाबा, आठ दिवसांचं काम होतं ना?"

मी गोटीची हकीकत सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "तुम्ही दोघं मुद्दाम लांबवताय का? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? आई घाबरली आहे."

मला हसूच आलं. तिची आई आणि घाबरणार? आमच्या साहेबांनी माझी बढती अडवली तेव्हा ही त्यांच्या घरी गेली होती आणि त्यांच्या बायकोसमोर त्यांना सुनावून आली होती. सांधा कसा बदलतात त्याची चित्रं डॉक्टरांनी दाखवली, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो, ही चष्मा लावून बघत होती. घाबरली असती तर मला कळलं नसतं का? एका पलंगावर झोपतो आम्ही.

"आणि तुम्ही?" लेकीने विचारलं.

मी म्हणालो, मला वेळ नाही, कोपरा वाळला की नाही बघायचंय.

झोप मात्र हल्ली नीट लागत नाही. उठतो, बाथरूममध्ये जातो, एखादी बादली ओतून पाणी जातंय का पाहतो. जातं. तरी पुन्हा पाहतो. ही जागीच असते. "गेलं का?" विचारते. "गेलं," मी सांगतो, आणि पडून राहतो. वय झालं की झोप कमी होतेच.

२२ नोव्हेंबर

प्लंबर दुपारी उठून उभा राहिला, हात पुसले आणि म्हणाला, "काका, झालं. उद्यापासून वापरा." मोबाइल काढून त्याने चारही बाजूंनी फोटो घेतले. काम देखणं झालंय, खोटं कशाला बोलू. दारापासून जाळीपर्यंत एकसारखी राखाडी फरशी, कुठे उंबरा नाही की खाच नाही. काचेची एक पट्टी, भिंतीत बसवलेली घडीची खुर्ची, आधाराचा दांडा. खालून उबसुद्धा येते, तीही या वेळी बेसिनपर्यंत.

हिने हात लांब करून दांडा धरून पाहिला.

मग ही म्हणाली, "तो दांडा जरा खाली हवा होता." दांडा परवाच तिच्या सांगण्यावरून वर घेतला होता.

"आणि जाळी," मी म्हणालो. "जाळीचा आवाज येतो." जाळीचा आवाज येत नाही. पण त्या क्षणी मला तो स्पष्ट ऐकू आला.

प्लंबरचा आवाज इतक्या दिवसांत पहिल्यांदा चढला. "काकू, टाइल दोनदा नाकारली, मी बोललो नाही. काका, तुमच्या गोटीपायी चांगला कोपरा उखडला, तरी बोललो नाही. काम रखडलं म्हणून शिव्या देणारी घरं मी पाहिलीत. काम पुरं झालं म्हणून तोंड पाडून बसलेलं घर आजच बघतोय. खोट असेल तर आत्ता दाखवा."

ही खाली बघत होती. म्हणाली, "खोट तुमच्या कामात नाही हो. हे झालं की मला तिकडे जावं लागणार. मला भीती वाटते. भूल देतील आणि मी उठलेच नाही तर?"

हे वाक्य हिच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. अशा वेळी नवऱ्याने धीराचं काहीतरी बोलायचं असतं. डॉक्टर किती हुशार आहे, शास्त्र किती पुढे गेलंय, असलं काही. माझ्या तोंडून निघालं, "मग मी एखादी टाइल फोडू का?"

मी मनापासून विचारलं होतं. हातोडी तिथेच पडली होती. प्लंबरने ती हळूच पायाने मागे सरकवली, तेही मी पाहिलं.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, काठी सुटली, मी तिला धरलं. "तुम्हालाही वाटते ना?" तिने विचारलं.

"मला काय वाटायचंय," म्हणालो आणि माझाच आवाज फुटला. "वाटते. फार वाटते. रात्री उठून बादल्या ओततो ते काय उतार बघायला?" हे मला स्वतःलाही बोलल्यावरच कळलं. तू नसलीस तर या घरात मी करायचं काय, असं म्हणायचं होतं. प्लंबरसमोर म्हणवलं नाही, पण ते तिला पोचलं असावं, कारण तिने माझी बाही घट्ट धरली.

"टाइल फोडू नका," ही डोळे पुसत म्हणाली. "पुन्हा त्या दुकानात जायची ताकद माझ्यात नाही. डॉक्टरांना फोन लावा."

मी लावला. बोललो मात्र तीच.

प्लंबर थोडा वेळ छताकडे बघत उभा होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे दांडा आहे तिथेच राहू दे ना?"

२८ नोव्हेंबर

झालं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली.

लेक आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत जाऊ दिलं तेव्हा डोळे अर्धेच उघडे होते. मला बघून पुटपुटली. मी कान जवळ नेला. "फरशीचं बटण बंद करून आलात का?"

नव्हतो आलो. पण "हो" म्हणालो. खोटं बोलल्याचा इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

४ डिसेंबर

घरी आणली. टाके निघेपर्यंत आंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं. लेकीने मला वॉकरमागून कसं चालायचं ते शिकवलं. मी फार जवळून चालतो, मी फार लांबून चालतो, मी श्वास जोरात घेतो, अशा तक्रारी आहेत. हिच्या दुखण्याला उतार आहे हे तेवढ्यावरून कळतं.

१४ डिसेंबर

टाके परवा निघाले. लेक काल परत गेली. आज पहिली आंघोळ.

मी सकाळीच फरशी गरम करून ठेवली. टॉवेल हाताला येईल असा ठेवला, साबण खुर्चीजवळ, शाम्पूचं झाकण उघडून. ही वॉकर ढकलत निघाली, पॅसेजमधून बाथरूमच्या दारात आणि दारातून थेट आत, कुठेही न थांबता. मीही मागोमाग आत गेलो.

"तुम्ही कुठे?" तिने विचारलं.

"मी टॉवेल धरतो."

"बाहेर व्हा. माझी मी करते."

डॉक्टरांनी कडी लावू नको म्हणून बजावलंय, एवढी आठवण मी करून दिली. तिने दार लोटून घेतलं. मी हॉलमध्ये जाऊन पेपर उघडला. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली, ती काय होती तेही आता आठवत नाही. मग उठलो आणि पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. आत पाणी पडत होतं. मग बंद झालं. मी दाराशी कान नेला.

"अहो," आतून आवाज आला. "बाहेर उभे आहात का?"

"छे," मी म्हणालो. "हॉलमध्ये आहे. पेपर वाचतोय."

आत खुर्ची करकरली.

"बरं," ही म्हणाली. "तिथून हलू नका."